खाली ट्रान्सफॉर्मर, वर मुलाचा पलंग

प्रश्न : आमच्या फ्लॅटच्या बरोबर खाली सोसायटीची ट्रान्सफॉर्मरची खोली आहे. मोबाइलवरचं ॲप चार वर्षांच्या मुलाच्या पलंगाशी 45 मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) दाखवतं. फरशीवर ॲल्युमिनियमचा पत्रा घालावा का?

उत्तर : ते 45 बहुधा पृथ्वीचे आहेत. आपल्याकडे पृथ्वीचं स्थिर चुंबकीय क्षेत्र 40च्या आसपास असतं आणि फोनमधलं होकायंत्र मुख्यतः तेच मोजतं. विजेच्या प्रवाहामुळे तयार होणारं चुंबकीय क्षेत्र मोजायला 50 हर्ट्झला (आपल्या विजेची वारंवारिता) चालणारा गॉसमीटर लागतो (1 मिलीगॉस म्हणजे 0.1 मायक्रोटेस्ला). रात्री, सगळ्यांचे एसी चालू असताना, उशीच्या उंचीवर मोजा. मीटर हलवत मोजलं तर आकडा फसवा येतो. मीटर एकाच दिशेचं माप देणारा असेल, तर तीन दिशांची मापं घेऊन त्यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढा.

मग घरातला मेन स्विच बंद करा. आकडा उतरला तर दोष घरच्याच वायरिंगमध्ये; बहुतेकदा दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतात. इलेक्ट्रिशियनला फेज आणि न्यूट्रल एकत्र धरून क्लॅम्प मीटर (तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा) लावायला सांगा : शून्य यायला हवं. आकडा हलला नाही, तर तो बाहेरून, बहुधा खालूनच येतोय. तिथे खरी कारणीभूत ट्रान्सफॉर्मरची टाकी नसते, तर कमी दाबाच्या बाजूचे बसबार (मोठा प्रवाह नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि केबल असतात. 630 केव्हीए क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरमधून पूर्ण भाराला सुमारे 840 अँपिअर वाहतात, आणि हे बसबार-केबल छतालगत नेलेले असले की वरच्या खोलीत क्षेत्र वाढतं.

पातळ पत्र्याने 50 हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र फारसं अडत नाही. पैसे वाचवा, पलंग दोन मीटर सरकवून पुन्हा मोजा.

आता धोक्याचं. सर्वसामान्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादा 200 मायक्रोटेस्ला आहे. ती स्नायू-मज्जातंतूंवर होणाऱ्या तात्काळ परिणामांसाठी. 2000 साली अनेक देशांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा सरासरी 0.4 मायक्रोटेस्लाच्या वरच्या क्षेत्रात राहणाऱ्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. मात्र अशी मुलं फार थोडी होती आणि कार्यकारणभाव अजून सिद्ध झालेला नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2002 मध्ये अशा क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ एवढंच म्हटलं. फ्लॅट विकण्याइतकं हे कारण नाही.

प्रश्न : 220 केव्हीच्या (उच्च दाबाच्या) वीजलाइनखालच्या शेताचं तारेचं कुंपण धरलं की झिणझिण्या येतात.

उत्तर : हे विद्युत क्षेत्राचं काम. दगडी खांबांवरच्या तारेला जमीन मिळत नाही, म्हणून तिच्यावर भार साठतो. ठरावीक अंतरावर सळई ठोकून तार जमिनीशी जोडून (अर्थिंग करून) घ्या. लाइनखाली ट्रॅक्टरमध्ये डिझेल भरू नका. झिणझिण्यांऐवजी जोराचा झटका बसला, तर कुंपणाला हात न लावता आधी वीज कंपनीला कळवा. एखादी जिवंत तार कुंपणावर टेकलेली असू शकते.