चर्चच्या शाळेत शिक्षक खरंच चांगले असतात का?

तुम्ही विचारलंय की तालुक्याला फादरांची शाळा आहे, मुलीला पहिलीत घालावं म्हणता. शिस्त चांगली असल्याचं सगळे सांगतात, पण तिथल्या शिक्षकांचं काय, आणि त्यांना सुधारायची काही ओढ असते का?

मी यवतमाळकडे पॅरिशच्या, म्हणजे तिथल्या चर्चच्या, एका इंग्रजी शाळेत नऊ वर्षं शिकवलं. मी ख्रिस्ती नाही. स्टाफमधले बहुतेक नव्हते, आणि पोरं तर आसपासच्या शेतकऱ्यांचीच. चौथीत एक पोरगा धडा धडाधडा वाचायचा. एकदा वाक्य आलं, 'फार्मर्स ग्रो कॉटन'. सहज विचारलं, कॉटन म्हणजे काय रे? गप्प. खिडकीबाहेर पऱ्हाटी फुटलेली, त्याच्या बापाची पाच एकर तीच, आणि पोराला कॉटन म्हणजे कापूस हे माहीत नाही. जूनपासून त्याला मीच शिकवत होतो. वर्ग मात्र इतका शांत की व्हरांड्यातून जाणारा पालक खूश होऊन जायचा.

तेव्हाच्या मुख्याध्यापिका सिस्टर केरळच्या, मराठी तोडकंमोडकं. त्या आठवड्यातून एकदा शेवटच्या बाकावर येऊन बसायच्या. शेरा नाही, रागावणं नाही. तास संपल्यावर एकच प्रश्न: "सर, आज किती पोरं बोलली?" पहिल्यांदा मोजलं तर बेचाळीसपैकी चार, आणि चारही पहिल्या बाकावरची. मला लाज वाटली. पाठ टाचण मी दर सोमवारी सुबक लिहून सही घेत होतो, त्यात हा आकडा कुठेच नव्हता. पुढे शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसायची पद्धत त्यांनी पाडली. प्रत्येकाने तीन वह्या आणायच्या: एक हुशार पोराची, एक मधल्याची, एक मागच्याची. मागच्याची वही टेबलावर ठेवायला सगळ्यांनाच जड जायचं. पण तिथे मी जे शिकलो ते बी.एड.मध्ये शिकलो नव्हतो. दोन वर्षांत माझ्या वर्गातली पोरं धडा आधी वऱ्हाडीत सांगून मग इंग्रजीत सांगायला लागली.

मग सिस्टरांची बदली झाली. त्यांच्या संस्थेत ते चालतंच, काही वर्षांनी जायचं. नव्या आल्या त्यांचं लक्ष गॅदरिंग, टाय आणि कंपाउंडच्या रंगाकडे. शनिवारची बैठक दिवाळीपर्यंत टिकली, मग फीवसुलीच्या याद्या तपासण्यात गेली. आम्ही कोणीच हट्ट धरला नाही, हेही सांगतो.

पगाराचं बोलायलाच हवं. विनाअनुदानित शाळेचा पगार फीतून निघतो आणि आपल्याकडे फी येते कापूस विकल्यावर. मी सहा हजारावर लागलो. १९६५ साली कॅथलिक चर्चच्या व्हॅटिकन परिषदेने शिक्षणावर जाहीरनामा काढला, त्यात कॅथलिक शाळेचं काम जवळजवळ सर्वस्वी शिक्षकांवर अवलंबून असल्याचं म्हटलंय. सिस्टरांनी तो भाग स्टाफरूममध्ये वाचून दाखवला तेव्हा मागून एक मॅडम पुटपुटल्या, "मंग पगारबी तसाच द्या ना बाप्पा." हसलो सगळे. त्या मॅडम वर्षभरात झेडपीच्या शाळेवर लागल्या. आमच्यातल्या सगळ्यात चांगल्या त्याच होत्या.

कागदावरच्या पात्रतेबद्दल थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळा, म्हणजे चर्चच्याही, त्यातून वगळल्या गेल्या. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात इतर शाळांच्या शिक्षकांना टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आवश्यक ठरली. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मात्र मोठ्या खंडपीठाकडे पाठवला गेला. म्हणजे तुमच्या तालुक्यातल्या शाळेत टीईटी पास मॅडमही असतील आणि नुसत्या पदवीवर लागलेल्याही. माझा अनुभव असा की टीईटी झालेले दोघं गाईडवरूनच शिकवायचे, आणि बालवाडीच्या बिगरडिग्रीच्या बाईंइतकं वाचन कोणीच पक्कं करून घेत नव्हतं. तिला पोरं 'मायबाई' म्हणायची, यावरून समजा.

शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसू नका, तिथे चहा आणि ट्रॉफ्यांचं कपाट दाखवतात. गावातलं जे पोरगं तिथे तिसरीत आहे, त्याची वही मागा. नुसत्या बरोबरच्या लाल खुणा असतील, चूक कुठे झाली ते बाजूला लिहिलं नसेल, तर काय चाललंय ते समजेल. त्याच्या आईला विचारा, मागच्या वर्षीचे किती शिक्षक यंदा आहेत. मुख्याध्यापिकेला एवढंच विचारा, "तुम्ही स्वतः वर्गात जाऊन बसता का?" उत्तर देताना त्यांनी एखाद्या पोराचं नाव घेतलं तर मुलीला बिनधास्त घाला. स्मार्ट बोर्डाचं सांगू लागल्या, तर आधी गावातली झेडपीची शाळाही एकदा बघून या.