'यमुनापर्यटन'चं परीक्षण लिहिताना तिला ख्रिस्ती कादंबरी म्हणावं की सामाजिक?

ख्रिस्तीच म्हणा आणि ते पहिल्याच परिच्छेदात सांगा. त्यानं तिचं सामाजिक मोल उणावत नाही. तिचे लेखक बाबा पदमनजी १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले, कादंबरी १८५७ मध्ये आली, म्हणजे विधवा-पुनर्विवाहाच्या कायद्यानंतर पुढच्याच वर्षी. प्रवासात यमुना आणि तिचा नवरा विनायक यांना भेटणाऱ्या विधवांच्या हकिकती हाच तिचा गाभा. केशवपनाचे प्रसंग आजही अंगावर येतात, परीक्षणात जास्त जागा त्यांनाच द्या. पुढे यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते, पुनर्विवाह करते. तिथे धर्मोपदेश कथेवर चढतो, हेही स्पष्ट लिहा. मात्र आजच्या कादंबरीसारखं पात्रांचं मनोविश्लेषण तिच्यात शोधू नका. मराठी कादंबरी तेव्हा नुकती आकार घेत होती.