इथेनॉलचा मका : कारखाना कोरडा दाणा विकत घेतो, तुमचा युरिया नाही

सिल्लोड, कन्नड, भोकरदन पट्ट्यातून एकाच धाटणीचे प्रश्न येताहेत. इथेनॉलमुळे मक्याला गिऱ्हाईक आहे म्हणून पेरा वाढवला; आता वाण कोणता, खत किती, लष्करी अळीला काय मारू? कारखान्याचा सांडपाण्याचा टँकर फुकट मिळतोय, तो घेऊ का? बचत गटाच्या एका ताई विचारतात, सगळं रान मक्याखाली गेलं, गाई-शेळ्यांनी खायचं काय?

‘इथेनॉल स्पेशल’ म्हणून जादा भावाने विकली जाणारी पिशवी घेऊ नका. कारखान्याला स्टार्च हवा, तो कुठल्याही चांगल्या संकरित मक्यात असतो. एकरी आठ किलो बी, पक्कं बिल, लेबल जपून ठेवा. खरिपाची पेरणी जुलैच्या मध्यापुढे ढकलू नका.

खत. एकरी एक पोतं डीएपी, अर्धं पोतं पोटॅश, युरिया दोनच पोती, तोही तीन हप्त्यांत: थोडा पेरणीला, बाकी तिसाव्या आणि चाळीस-पंचेचाळीसाव्या दिवशी. माती परीक्षण असेल तर त्याप्रमाणे कमी-जास्त. दुकानदार चार पोती सांगतो, कारण त्याला चार विकायची असतात. जादा युरियाने पान हिरवंगार होतं, वाऱ्यात मका आडवा पडतो आणि अळीला कोवळं खाणं मिळतं. दोन पोती म्हणजे दोनच.

लष्करी अळी. औषध आणायला जाण्याआधी शेतात जा. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, ओल्या भुशासारखी विष्ठा दिसते, पोंगा उकलला की अळी सापडते. डोक्यावर उलटा वाय आणि शेपटीकडे चौकोनात चार ठिपके असतील तर तीच. शंभर झाडांत दहापेक्षा कमी पोखरलेली असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क पुरे. त्यावर गेली तर इमामेक्टीन बेन्झोएट ५ टक्के एसजी, दहा लिटर पाण्यात ४ ग्रॅम, संध्याकाळी, नोझल पोंग्यावर धरून. एका वेळी एकच औषध. दुकानातून तीन बाटल्या आणि वर टॉनिक असं ‘कॉकटेल’ हातात ठेवलं तर ते तिथेच परत करा. डोस दुप्पट केल्याने अळी दुप्पट मरत नाही, खर्च मात्र दुप्पट होतो. तुरा आल्यावर फवारणी करूच नका. त्या वेळी मारलेलं औषध म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, आणि नेमकी तीच फवारणी गावोगाव होते.

आता माझा हट्ट: कणीस घाईने तोडू नका. दाण्याचा खालचा टोकाकडचा भाग नखाने खरवडा; काळी टिकली दिसली की दाणा पक्व. मग कणसं सोलून ताडपत्रीवर वाळवा, नंतरच मळणी. ओलावा १४ टक्क्यांवर गेला की गाडी परत येते, नाहीतर कट्टी, म्हणजे पैशात कपात, लागते. ओल्या ढिगात बुरशी धरते, अफ्लाटॉक्सिन नावाचं बुरशीचं विष तयार होतं. स्टार्च काढून उरलेल्या चोथ्यात ते जवळपास तिप्पट साचतं आणि तोच चोथा पशुखाद्य, कोंबडीखाद्य म्हणून फिरून गावात येतो. याच चोथ्यापुढे सोयापेंड मार खाते, म्हणजे दर तुमच्याच सोयाबीनचा दबतो. तरी सोयाबीन साफ मोडू नका. मक्यामागे हरभरा घ्या, मक्यावर मका नको.

ताईंना उत्तर: फवारलेल्या मक्याचा हिरवा चारा जनावरांपुढे टाकू नका. प्रत्येकाने पाच-दहा गुंठे आफ्रिकन टॉल हा चाऱ्याचा मका वेगळा करावा, मध्ये चवळी, रासायनिक फवारणी नाही. शेजाऱ्यांनी आपसात ठरवून केलं तर चारा गावाला पुरतो. दाणा विकल्यावर कडबा पेटवणाऱ्यांशी मी वाद घालत बसत नाही. शेळीवाल्यांनी त्या कडब्यासाठी आधीच बोलून ठेवावं.

टँकर घेऊ नका. कच्चं सांडपाणी उभ्या पिकात आणि विहिरीजवळ तर नाहीच. क्षार साचतात, विहिरीचं पाणी तपकिरी होतं, आणि शेजाऱ्याची विहीरही जाते. त्याची विल्हेवाट लावणं कारखान्याचं काम आहे. ‘फुकट खत’ म्हणणाऱ्याला आधी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी दाखवायला सांगा.

हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला २४०० रुपये. सरकारी खरेदी केंद्रावर नोंदणीला सातबारा, पीकपाहणी, आधार, पासबुक लागतं. तारखा कृषी सहायकाला विचारा. व्यापारी तुमचा सातबारा मागेल, त्याच्या नोंदणीला देऊ नका.