सारखा 'बॉईज'च का बघतो?

प्रश्न : ताई नमस्कार, माझा मुलगा नववीत आहे. जूनमध्ये माझी बदली झाली आणि आम्ही दोघंच नवीन गावात आलो, त्याचे बाबा नाहीयेत. मित्र सगळे जुन्या गावी राहिले. आता शाळेतून आला की मोबाईलवर 'बॉईज' पिक्चर लावून बसतो, पाच-सहा वेळा तरी बघून झालाय. मी जरा डोकावले तर नुसते डबल मीनिंगचे डायलॉग! बंद करायला लावू का?
– एक आई, चिपळूण

उत्तर : अहो ताई, लगेच बंद नका करू. डबल मीनिंग आहे, ते मलाही खटकलं, काही जोक तर उगाच घुसडलेत आणि ते तुम्ही त्याला सरळ सांगा की मला हे आवडलं नाही. पण त्यातला तो कबीर कोण आहे बघितलंत का? एकट्या आईनं वाढवलेला मुलगा, बापाचा प्रश्न मनात घेऊन बोर्डिंगला येतो, कुणाशी धड बोलत नाही, आणि तिथे त्याला धैर्या आणि ढुंग्या भेटतात, दोघंही एक नंबरचे उपद्व्यापी, पण याला एकटं सोडत नाहीत. तुमचं लेकरू जोकसाठी नाही हो, त्या दोघांसाठी परत परत बघतंय असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता एक करा, या रविवारी दोघं मिळून 'किल्ला' पिक्चर बघा. 'बॉईज' २०१७चा, हा त्याच्या दोन वर्षं आधी थिएटरात आला, दिग्दर्शक अविनाश अरुण. त्याही आधी, २०१४ला बर्लिनच्या फेस्टिव्हलमध्ये याला क्रिस्टल बेअर हे बक्षीस मिळालं, ते मुलांच्याच ज्युरीनं दिलेलं! यातही वडील गेलेत, आईची बदली झालीय, पुण्याचा चिन्मय कोकणात आलाय. आणि त्याचा मित्र बंड्या कोण माहितीये? तुमच्या मुलाचा लाडका ढुंग्याच, पार्थ भालेराव. त्याला आधी सांगू नका, तोच ओरडेल बघा, अगं आई हा तर ढुंग्या!

त्यात सायकलची रेस लावून पोरं किल्ल्यावर जातात, चिन्मय आत फिरत राहतो, धो धो पाऊस लागतो आणि बाहेर येऊन बघतो तर सगळे निघून गेलेले. तेवढा सीन चालू असताना काही बोलू नका, नुसत्या शेजारी बसा. चिन्मय नंतर त्यांच्यावर किती चिडतो, आईवरही चिडतो, कारण त्याला काही विचारलंच नाही ना कुणी, बदली झाली की सामान बांधायचं आणि निघायचं. (शेवटी परत बदली येते, तेव्हा तुमच्याच डोळ्यात पाणी येईल, रुमाल घेऊन बसा.)

पिक्चर संपला की अभ्यासाचं काढू नका. बदलीची ऑर्डर आली त्या दिवशी तुम्हाला स्वतःला काय वाटलं होतं ते त्याला सांगा, आजपर्यंत सांगितलं नसेल तर. आणि दिवाळीच्या सुट्टीत जुन्या गावच्या दोन मित्रांना चार दिवस राहायला बोलवा, त्यांच्या आयांना फोन तुम्हीच करा, मुलं या वयात स्वतःहून नाही हो म्हणत, मला त्यांची आठवण येते म्हणून.