मुलगा फार चांगला आहे म्हणतात

अमळनेर

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

प्रबंधाचा आराखडा वाचला. ‘जाचक संसार आणि स्वातंत्र्याची ओढ’ हे शीर्षक राहू दे. पण पहिल्याच पानावर नवऱ्यांची मारकुटे, दारुडे, बाहेरख्याली अशी वर्गवारी केली आहेस, ती काढून टाक. तू निवडलेले कादंबऱ्यांतले बरेचसे नवरे तिच्यात बसतच नाहीत. फ्लोबेरच्या ‘मादाम बोव्हारी’तला शार्ल बायकोवर, एमावर, हात उगारत नाही, उलट जीव टाकतो. केट शोपॅनच्या ‘द अवेकनिंग’मधला (१८९९) नवरा शहरातून बायकोला खाऊचा डबा पाठवतो, आणि तो खाता खाता बाकीच्या बायका एकमुखाने म्हणतात, असा नवरा जगात नाही. त्याच्या बायकोला, एडनालाही ते कबूल करावं लागतं. तिचं गुदमरणं असं की बोट दाखवायला समोर कुणी खलनायकच नाही.

मग बघायचं काय? पैसा कुणाच्या हाती आहे ते बघ. एमा बोव्हारीच्या प्रियकरांवर पानंच्या पानं लिहिली जातात, पण तिला विषापर्यंत नेतात त्या कापडवाल्या सावकाराच्या वचनचिठ्ठ्या. आठ हजार फ्रँकसाठी ती दारोदार फिरते. एडना वेगळ्या घरात राहायला जाते ती शर्यतीत जिंकलेल्या, चित्रं विकून आलेल्या आणि आईच्या इस्टेटीतून मिळणाऱ्या पैशांच्या भरवशावर. अ‍ॅन ब्राँटेच्या ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’मधली (१८४८) हेलन मात्र तुझ्या वर्गवारीत बसते. चित्रं विकून पोट भरायचं आणि मुलाला घेऊन निघून जायचं, असं ती ठरवते. नवऱ्याला सुगावा लागतो. तो तिचे रंग-ब्रश जाळतो, पैसे काढून घेतो. कायदाही त्याच्याच बाजूचा. बायकोची कमाई बायकोची, एवढं मान्य करायला इंग्लंडात १८७० साल उजाडलं.

आता हरिभाऊ आपट्यांकडे. त्यांचा जन्म १८६४ चा, आपल्या पारोळ्याचा. हे आराखड्यात आलंच नाही, घाल. ‘पण लक्षात कोण घेतो?’बद्दल लिहिताना तू नायिकेला, यमूला, जाच करणाऱ्या शंकरमामंजींवर तुटून पडली आहेस. सगळेच पडतात. मी म्हणते, रघुनाथरावांपाशी थांब. प्रेमळ, शिकलेला, यमूला वाचनाची गोडी लावणारा, मुंबईत तिला मोकळा श्वास घेऊ देणारा नवरा. तो जातो आणि तिचं मोकळेपणही त्याच्याबरोबर जातं. केशवपनाला ठाम नकार देऊन उभं राहावं एवढी जागासुद्धा कुठल्याच घरात तिच्या हक्काची नसते. आपल्याकडे बाई जन्मभर कपाशी वेचते आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं असतं, तसं हे स्वातंत्र्य. चांगुलपणाने दिलेलं होतं, तिच्या नावावर कधी चढलंच नव्हतं. तुझ्या प्रबंधाचा कणा इथे आहे असं मला वाटतं. मामंजी वगळूनही ही कादंबरी तेवढीच भयंकर राहते का, हे तपासून बघ.

बहिणाबाईंना तळटीपेत ठेवलंस, कारण त्या कवयित्री. ठीक आहे, पण तळटीप मोठी कर. माहेराला निघालेली सासुरवाशीण योग्याला सांगते, लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते. समारंभांतून ही ओळ ऐकताना आपण गहिवरतो आणि टाळ्या वाजवतो. तू ती एडनाशेजारी ठेवून वाच. एडना म्हणते, मुलांसाठी पैसा देईन, जीवही देईन, पण स्वतःला देणार नाही. दोघींपैकी एकीला घाईने मागासलेली ठरवू नकोस. तिशीतच वैधव्य आलेल्या, शेतात राबलेल्या बाईच्या तोंडची ओळ आहे ती. नांदण्याची किंमत तिला नेमकी ठाऊक होती.

पत्राच्या शेवटी, जाता जाता म्हणून, लिहिलं आहेस की घरात स्थळं बघताहेत आणि धुळ्याचा ‘मुलगा फार चांगला आहे’. असेलही. त्याच्याशी तू स्वतः बोल, मामांना मध्ये घालू नकोस. पीएच.डी. कधी पूर्ण होणार, नोकरी कुठे करणार, पगार कुठल्या खात्यात जमा होणार, सगळं विचार. ‘तो कशाला अडवेल, समजूतदार आहे’ असं आई म्हणेल. तेव्हा तिच्याशी वाद घालू नकोस, पण प्रश्न विचारल्याशिवाय सुपारी फोडू देऊ नकोस.

यमूचं प्रकरण आधी लिही. दिवाळीपर्यंत पाठव, संदर्भसूची नंतर बघू.

तुझी
मॅडम