पहिल्यांदा मॅमोग्राफीला जाताना

हे बघ माय, मॅमोग्राफी म्हणजे छातीचा, स्तनांचा एक्स-रे. बीडहून पहाटेच्या एसटीनं संभाजीनगरला निघशील तेव्हा काखेत पावडर लावू नकोस. तिचे कण फोटोत चुन्याच्या ठिपक्यांसारखे दिसतात, मग डॉक्टर गोंधळतात. मंगळसूत्र घरीच ठेव. साडी असली तर बरं, नुसतं ब्लाउज काढलं की झालं.

छाती दोन प्लेटांमध्ये दाबतात. कळ येते, खोटं कशाला सांगू! पण काही सेकंदच. दोन्हीकडचे मिळून साधारण ४ फोटो. महिन्याची पाळी येऊन गेली की त्यानंतरच्या आठवड्यात तारीख घे, दुखणं कमी होतं.

नंतर सोनोग्राफीला बोलावलं तर लगेच रडत बसू नको. छाती आतून दाट असली, म्हणजे चरबी कमी नि ग्रंथींचा भाग जास्त असला, की एक्स-रेत नीट दिसत नाही. माझी तर पाण्याची गाठ निघाली. आधी छातीची दुसरी कुठली तपासणी झाली असली तर तिच्या जुन्या फिल्म मात्र पिशवीत आत्ताच टाक, मी विसरले होते.