मोटारीसह तेरेखोलला

प्रश्न : वृद्ध आईवडील सोबत असताना केरीहून तेरेखोल किल्ल्याला जाण्यासाठी मोटार फेरीबोटीत चढवावी काय? – एक वाचक, म्हापसा

उत्तर : अवश्य चढवावी. पोर्तुगीजांनी १७४६ साली सावंतवाडीकर भोसल्यांकडून घेतलेला हा किल्ला नदीच्या उत्तर तीरावर, महाराष्ट्राला लागून असलेल्या गोव्याच्या चिमुकल्या तुकड्यात असल्याने रस्त्याने मोठा वळसा पडतो. ओहोटीला धक्क्याचा उतार शेवाळाने निसरडा होतो आणि मोटारीचा बंपर घासण्याची भीती असते, म्हणून भरतीची वेळ पाहूनच निघावे. अशा उतारावरून वृद्धांना चालवणे मला पटत नाही. बोटीवरील कर्मचाऱ्यांना विचारून त्यांना मोटारीतच बसू द्यावे, मात्र दारांची कुलुपे उघडी व काचा खाली ठेवाव्यात. बोटीत हँडब्रेक ओढून मोटार पहिल्या गिअरमध्ये ठेवावी.